ओली की कोरडी

रात्री पाऊस पडला तो इनमीन वीस मिनिटं, पण नको त्या रात्री बरोबर पडला. एरवी लिंडसे पास्कोने या पावसासाठी जीव टाकला असता. आज सकाळी सहा वाजता तो आवारातल्या सहाशे चाळीस मेंढरांच्या पाठीत बोटं खुपसून शेडमध्ये आला, तेव्हा त्याचा चेहरा बघून त्याच्या आईने, मर्लने, काही न विचारता चहा ओतला.

"ओलसर आहेत," तो म्हणाला. "वरवर. वारा सुटलाय, आठपर्यंत सुकतील."

"रात्री शेडखाली का नाही घेतली?" कॉरीनने विचारलं. कॉरीन त्याची धाकटी बहीण. सात वर्षांनी लोकर कातरणीला आली होती आणि अजून कुणी तिच्या हातात झाडूखेरीज काही दिलं नव्हतं.

लिंडसेने कपात पाहिलं. बहीण आल्यापासून तो तिच्याशी मध्ये कुणीतरी ठेवूनच बोलत होता. शेवटी त्याच्या मुलीने उत्तर दिलं.

"शेडखाली खताच्या गोण्या आहेत, आत्या," केरिन म्हणाली. "ठासून."

शेड खांबांवर उभी आहे ती उगाच नाही. पावसाचं चिन्ह दिसलं की रात्री मेंढरं खाली घ्यायची आणि सकाळी कोरडी वर आणायची, हे लिंडसेच्या आजोबांपासून चालत आलेलं. पण सलग तीन वर्षं मे महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडावर, थेंब पडला नाही आणि लिंडसेला ती रिकामी जागा डोळ्यांत खुपायला लागली. कोरड्या वर्षांनी शेतकऱ्याचं असं होतं. पाऊस मागता मागता तो खरंच येऊ शकतो हेच तो विसरून जातो. आता त्या गोण्या हलवायच्या म्हणजे दोन दिवसांचं काम होतं, आणि आडोशाची झाडं तर मागच्या वणव्यात जळून गेली होती.

दुसरं वर्ष असतं तर दोन दिवस थांबले असते. पण जहाज अठ्ठावीस तारखेला फ्रीमँटल बंदरातून सुटणार होतं. एक जूनपासून आखाताकडे मेंढरं न्यायला बंदी, ती थेट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, कारण तिकडे तेव्हा उन्हाळ्याची भट्टी पेटलेली असते. जहाजावर चढणाऱ्या मेंढराच्या अंगावर बोटाच्या पेराएवढीच लोकर चालते, आणि बंदराजवळच्या तळावर पोचेपर्यंत कातरून दहा दिवस व्हावे लागतात. ट्रक बावीसला येणार होते. आज बारा तारीख. कातरायचं तर आजच, हे शेडमधल्या कुत्र्यालाही कळत होतं.

बंदी कुठून आली तेही सगळ्यांना ठाऊक होतं. कॉरीन जनावरांची डॉक्टर. एका ऑगस्टमध्ये ती ज्या जहाजावर होती त्यावर उकाड्याने दोन हजारांवर मेंढरं उभ्या उभ्या गेली. तिने ती मोजली आणि जे दिसलं ते सरकारला लिहून दिलं. असे अहवाल आणखीही होते, पण पास्कोंच्या घरात तो एकच होता. मग उन्हाळ्याची बंदी आली, जहाजं कमी झाली, आणि शेवटी कायदाच झाला की दोन हजार अठ्ठावीस सालच्या मेपासून समुद्रावाटे जिवंत मेंढरू जाणार नाही.

मागच्या रविवारी जेवताना लिंडसेने सांगून टाकलं होतं. ही खेप गेली तर उरलेली तीन वर्षं कळप ठेवू, तेवढ्यात दुसरी काही वाट काढू. नाही गेली तर कळप विकून सगळ्या जमिनीत गहू. आणि केरिनने तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं की मग ती आणि तिचा नवरा तामाती न्यूझीलंडला त्याच्या आईकडे जातील. दोघंही मेंढरांची माणसं, आणि गव्हाच्या यंत्रावर एकच माणूस पुरतो. त्या दिवसापासून मर्लला नीट झोप लागलेली नव्हती. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणूस न्यूझीलंडला भेटायला जात नाही, हे तिला पुरतं माहीत होतं.

सात वाजता रेडिओने इशारा दिला. संध्याकाळपर्यंत नैऋत्येकडून गार वारा, पाऊस, जागोजाग गारा. कातरलेली मेंढरं उघड्यावर ठेवू नयेत.

"रेडिओवाले तीन वर्षं पाऊसच सांगतायत," मरे म्हणाला. मरे लिंडसेचा चुलतभाऊ, शेजारच्या शेतावरचा, कातरणीला दरवर्षी येणारा आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. "त्यांचं ऐकून मी लग्नाला छत्री घेऊन गेलो होतो. कातरा, लिंडसे. मी काय म्हणतो, कोरडीच आहेत."

"तुझ्या छत्रीपेक्षा कोरडी नाहीत," तामाती म्हणाला. "आमच्याकडे अशा मेंढराला हात लावला असता तर आईने जेवायला दिलं नसतं."

"तुमच्याकडे बारा महिने पाऊस. तुम्ही कातरता कधी?"

"दोन सरींच्या मधे."

सगळे हसले, लिंडसे सोडून. केरिनही थोडं हसली आणि लगेच बापाकडे वळली. "बाबा, खरं सांगू?" ती म्हणाली. "आत सुकतीलही. पण संध्याकाळी ती उघडी बाहेर सोडायची, त्याचं काय?"

"संध्याकाळचं संध्याकाळी बघू."

"ग्रँटला विचारा ना. दोन दिवस मिळाले तर?"

ग्रँट जहाजवाल्यांचा दलाल. लिंडसेने फोन लावून टेबलावर ठेवला. ग्रँटने ऐकून घेतलं, वाईटही वाटलं त्याला, पण दहाचे आठ दिवस होणार नाहीत म्हणाला. तळावर तपासणारा डॉक्टर आहे, तारीख बघतो. पुढचं जहाज ऑक्टोबरात, तेही आलं तर. गावातला कत्तलखाना ऑगस्टपर्यंत भरलेला.

तेवढ्यात कॉरीनने झाडू भिंतीला टेकवला आणि फोन उचलला.

"ग्रँट, मी कॉरीन पास्को. तिथल्या डॉक्टरशी मी बोलू का? इथे थंडीचा इशारा आहे. आज कातरली तर रात्रीत मरतील. मी लेखी देते."

"डॉक्टरबाई," ग्रँट म्हणाला, "नियम तुम्हालाच हवे होते ना?"

"हो. हवे होते."

"मग मी काय करू, सांगा तुम्हीच."

कॉरीनने फोन भावासमोर ठेवला आणि पुन्हा झाडू घेतला. लिंडसेने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं, पण बोलला आईशी. "आई, डबा काढ. प्रत्येकी दोन कातरू दे, मग मत."

ओल्या मेंढरांचं मत हे या मुलखातल्या प्रत्येक शेडमध्ये होतं. ओलं मेंढरू कातरलं की आपले सांधे धरतात असं कातरणारे म्हणतात, आणि ओली लोकर गठ्ठ्यात तापून कुजते. म्हणून शंका आली की प्रत्येकाने दोन मेंढरं कातरायची आणि चिठ्ठीवर लिहायचं, ओली की कोरडी. मत कातरणाऱ्यांचं. मालकाला मत नाही. कुणी काय लिहिलं ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. पास्कोंच्या शेडमध्ये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या पडायच्या आणि साठ वर्षं त्या मर्ल मोजत आली होती. ओली ठरली की त्या दिवशी यंत्र बंद.

कातरायची पाच यंत्रं घरघरली. केरिन, तामाती, मरे, आणि गावातून येणारे दोघं, म्हातारा क्लॅरी आणि त्याचा जोडीदार डॅरेल. मर्ल चुलीशी बसून बघत होती. केरिन मेंढराला गुडघ्यांत धरायची ते थेट तिच्या आजोबांसारखं, जोर न लावता, जणू दोघांनी आधी ठरवून घेतलंय. या हातांना गव्हाच्या यंत्रावर बसवणार, किंवा समुद्रापलीकडे पाठवणार. मर्लला फार भीती वाटत होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

दहा मेंढरं कातरून झाली. बाहेर उन्हाची तिरीप आली होती, आणि वारा अजून तरी उत्तरेचाच होता. मर्लने नाकाने तो पारखला. उत्तरेचा वारा असा मऊ होऊन थांबला की पुढे काय येतं ते तिने पाहिलेलं होतं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली याच शेडमध्ये तीन चिठ्ठ्या कोरडीच्या निघाल्या होत्या आणि दोन ओलीच्या. तिने त्या होत्या तशा वाचल्या. तिच्या नवऱ्याने, आल्फने, कातरून घेतली. संध्याकाळी वारा फिरला. सकाळी साडेपाचशे मेंढरं कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून मेलेली होती, उघडी आणि पांढरी. सात वर्षांचा लिंडसे बापाबरोबर दिवसभर तंगड्या धरून ती गाडीत टाकत होता. घरी आल्यावर त्याने विचारलं, "आई, त्यांना थंडी वाजत होती तर ती ओरडली का नाहीत?" आल्फ त्या दिवसाबद्दल पुढे कधीच बोलला नाही, आणि लिंडसेही नाही.

डबा तिच्या मांडीवर आला. सगळे गोल उभे राहिले.

पहिली चिठ्ठी, कोरडी. मोठी अक्षरं, खाली रेघ. तामाती. इतका वेळ ओली म्हणणारा तामाती. दुसरी डॅरेलची, कोरडी. तिसरी उघडताच मर्लला वाटलं आपल्याला चष्मा बदलायला हवा. मरेच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, ओली. चौथी क्लॅरीची, ओली. आणि पाचवी डावीकडे कललेल्या अक्षरात, जे अक्षर तिने स्वतः या चुलीशी बसून घटवून घेतलं होतं. कोरडी. पोरीने बापासाठी लिहिलं होतं. मनात नसताना लिहिलं होतं.

तीन कोरडी, दोन ओली. पुन्हा.

खरं वाचलं तर मेंढरं जातील, कदाचित आज रात्रीच. खोटं वाचलं तर केरिन जाईल. विचार करायला वेळ असता तर मर्लने काय केलं असतं ते तिला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. तिने चुलीचं झाकण उचललं, रिवाजाप्रमाणे चिठ्ठ्या आत टाकल्या आणि म्हणाली, "ओली. तीन ओली, दोन कोरडी."

क्लॅरीने टोपी घातली. लिंडसेने फक्त मान हलवली आणि तो गोण्या मोजत असल्यासारखा खालच्या फळ्यांकडे बघत राहिला.

कॉरीन आईजवळ येऊन चुलीशी वाकली. "स्वेटर का ओढून घेतलास एवढा?"

"गारठा आहे."

"चुलीपाशी?" कॉरीनने तिचा हात हातात घेतला. "आई, मी एकदा मोजलं आणि खरं सांगितलं. सात वर्षं या घरात मला कुणी चहा विचारला नाही. पण निदान झोप लागते मला."

मर्लने हात सोडवून घेतला. कॉरीनला काही कळलं होतं का, की पोरगी आपलंच दुःख बोलत होती, हे तिला समजेना, आणि विचारायचं धाडसही होईना.

बारा वाजता सगळे शेडमध्येच, चुलीजवळच्या टेबलाशी जेवायला बसले. क्लॅरी आणि डॅरेल गाडी घेऊन गावात गेले होते. उन्हाची तिरीप अजून होती आणि तीच घात करत होती. लिंडसे दर पाच मिनिटांनी खिडकीबाहेर बघत होता. मटणाच्या पॅटिसला त्याने हात लावला नाही.

"सुकलीत ती," तो म्हणाला. "आता जाऊन बघा कुणीही. पार सुकलीत."

"मत झालंय, बाबा," केरिन म्हणाली.

"झालंय ना. मी कुठे काय म्हणतोय? मी फक्त बघतोय की कुणाला इथलं काही पडलेलं नाही." तो तामातीकडे बघत होता. "ज्याला दुसरीकडे घर आहे त्याला सोपं असतं."

"लिंडसे," मर्ल म्हणाली.

"तू नको मध्ये पडू, आई. सकाळपासून याची छत्री आणि सरी चालल्यात. हसत हसत घर बुडवलं माझं."

"मी तर कोरडीच म्हणत होतो," मरे मोठ्याने म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलंय." आणि त्याने स्वतःच्या ताटातलं पॅटिस उगाचच चार तुकड्यांत कापलं. मर्लने त्याच्याकडे पाहिलं नाही. बघितलं असतं तर त्याला कळलं असतं.

तामातीने काटा खाली ठेवला. चांगला धिप्पाड गडी, पण आवाज नेहमीच हळू. "मत सांगायचं नसतं," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत मला, पहिल्या कातरणीला." तो उठला, आपल्या यंत्रापाशी गेला आणि त्याच्या पात्यांच्या दातऱ्या काढून कापडात गुंडाळायला लागला.

केरिन त्याच्या मागे गेली. शेड मोठी असली तरी चुलीशी बसलेल्या म्हातारीला सगळं ऐकू येत होतं.

"तू लिहिलंस ना ओली?" केरिन हळू आवाजात विचारत होती. "मला सांग. मी रागावणार नाही. पण मी बाबांसाठी... तुला माझ्यासाठी एवढंही करवलं नाही?"

तामातीने तिच्याकडे पाहिलं. त्याला आधी आश्चर्य वाटलं, मग वाईट. "आणि तू?" तो म्हणाला. "मला वाटलं, तू लिहिलंस."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि दोघांपैकी कुणालाच समोरच्याचं खरं वाटेना. खोटं एकदा बोललं की ते कुठल्या दारातून आत शिरेल याचा नेम नसतो, आणि मर्लचं खोटं तिच्या लाडक्या नातीच्या संसारात शिरलं होतं. ते तिला बघवेना. तिने टेबलाला धरून स्वतःला उठवलं.

"मी खोटं वाचलं," ती म्हणाली.

लिंडसेला आधी कळलंच नाही. "काय वाचलंस?"

"मतं. तीन कोरडी होती. मी ओली म्हणाले." तिने चुलीकडे बोट केलं. "चिठ्ठ्या जळल्या, तेव्हा माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागेल. तामातीने कोरडी लिहिलं होतं, खाली रेघ मारून. केरिननेही. दोघांनी तुझ्यासाठी लिहिलं. बाकीच्यांचं मी सांगणार नाही."

मरे एकदम पाणी प्यायला उठला.

"आजी," केरिन म्हणाली. लिंडसे आईकडे अशा नजरेने बघत होता की चौऱ्याहत्तर सालानंतर मर्लला पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांना डोळा देणं अवघड गेलं.

"साठ वर्षं," तो म्हणाला. "साठ वर्षं आम्ही तुझ्या तोंडचं खरं मानलं."

"हो."

"बाबांच्या वेळीसुद्धा असंच केलंस?"

"नाही. तेव्हा खरं वाचलं. त्याचंच दुखतंय."

त्याने घड्याळ पाहिलं. साडेबारा. मतं कोरडी होती म्हणजे कातरायचा हक्क होता त्याला. क्लॅरीला फोन केला तर वीस मिनिटांत येईल. सहापर्यंत यंत्रं चालवली तर निम्म्याहून जास्त कातरून होतील, ट्रक रिकामे जाणार नाहीत, कळप राहील, मुलगी राहील. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसत होतं की तामातीने हातातलं कापड सोडून दातऱ्या पुन्हा बाहेर काढल्या.

"तुम्ही म्हणाल तसं," तामाती म्हणाला. "मी कातरतो."

लिंडसे बाहेर गेला. दाराच्या चौकटीतून मर्लला तो आवाराच्या फाटकाशी उभा दिसत होता. ऊन होतं. मेंढरं रवंथ करत होती, लोकर फुलली होती, आणि खरोखरच ती कोरडी दिसत होती. मग जवळच्या पत्र्याने एकदा आवाज केला. पुन्हा केला. त्याच्या टोपीची कड दुसऱ्या बाजूने वर उचलली गेली. दारातून गार झुळूक आत आली आणि चुलीची राख फळ्यांवर पसरली. वारा फिरला होता.

तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मर्लला मात्र ओठ मिटून, तंगडी दोन्ही हातांनी ओढणारा तो मुलगाच दिसत होता. मग त्याने फाटकाची साखळी काढली, शेडकडचं नव्हे, रानाकडचं फाटक उघडलं, आणि शीळ घातली. कुत्रा धावला. सहाशे तीस मेंढरं अंगावरच्या सगळ्या लोकरीसकट उताराला लागली. सकाळी कातरलेल्या दहांना त्याने एकेक उचलून शेडच्या आत आणलं. मध्ये कुणी मदतीला गेलं तर त्याने हाताने मागे सारलं.

शेवटचं मेंढरू आत सोडून तो टेबलाशी आला आणि सगळ्यांना उद्देशून, पण कुणाकडेच न बघता बोलला.

"सकाळी सहा वाजता हात घातला तेव्हाच मला माहीत होतं. मालकाला मत नसतं याचं बरं वाटलं मला. कुणीतरी दुसऱ्याने ठरवावं, आणि मेली तर त्याच्यामुळे मरावीत." तो तामातीकडे वळला. "तुला जे बोललो ते वाईट बोललो."

"ठीक आहे," तामाती म्हणाला.

"ठीक नाहीये. पण असू दे." लिंडसेने फोन काढला आणि ग्रँटला तीन वाक्यांत सांगितलं की पास्कोंचे ट्रक पाठवू नका. मग त्याने फोन खिशात ठेवला, आईच्या समोरचा डबा उचलला आणि कॉरीनपुढे धरला.

"पुढच्या कातरणीला मतं तू मोज," तो तिला म्हणाला. सात वर्षांत मध्ये कुणी न ठेवता बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मी?"

"तू मोजतेस तेच सांगतेस. त्याचाच तर राग धरून बसलो होतो मी."

कॉरीनने डबा घेतला. तिला रडू येत होतं, पण पास्कोंच्या घरात जेवणाच्या टेबलाशी कुणी रडत नसे, म्हणून तिने डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

"पुढची कातरणी?" केरिनने विचारलं. "गव्हाला कातरतात का, बाबा?"

"त्यांच्या अंगावर लोकर आहे की नाही अजून?" लिंडसे चिडून म्हणाला. "विकतानासुद्धा कातरावीच लागेल. जूनपर्यंत बघू. मला आज काही विचारू नका."

हा काही होकार नव्हता. कळप राहील असं त्याने म्हटलं नव्हतं, आणि जहाज तर हातचं गेलंच होतं. मर्लपुढे डबा ठेवायची जागा रिकामी होती, आणि तो आता पुन्हा तिच्याकडे येणार नाही हे तिला स्वच्छ कळत होतं. तिला फार लागलं ते. बाहेर पत्र्यावर पहिल्या गारा वाजायला लागल्या तेव्हा सगळे दाराशी धावले, आणि ती एकटी चुलीपाशी उरली. तिथून तिला रान दिसत नव्हतं. तामातीच्या खुंटीवर त्याचं यंत्र दातऱ्यांसकट अजून टांगलेलं आहे, एवढंच दिसत होतं.